पीएसपी गो: यूएमडीवाल्या जुन्या मालकांचे आणि गो हातात असलेल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पीएसपी हे सोनीचं हातात धरून खेळायचं गेमयंत्र; त्याचाच एक प्रकार, पीएसपी गो (मॉडेल पीएसपी-एन१०००), १ ऑक्टोबर २००९ रोजी अमेरिका आणि युरोपात आणि १ नोव्हेंबर २००९ रोजी जपानमध्ये विक्रीला आला. आधीच्या पीएसपीत लागणारी यूएमडी ही छोटी डिस्क यात नाही, फक्त डाउनलोड. आज तो लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन जुना मिळतो, परदेशातल्या नातेवाइकांकडून येतो, कपाटातून बाहेर निघतो. आणि मग तेच तेच प्रश्न येतात. त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. घाईत असाल तर आधी प्रश्न ५, ७ आणि १७ वाचा.

१. पीएसपी गो आणि आधीचा पीएसपी यांत फरक काय?

आतली यंत्रणा आणि गेम तेच, बाहेरचं जवळजवळ सगळं वेगळं. यूएमडी ड्राइव्ह काढून त्याजागी १६ जीबीची अंतर्गत साठवण दिली. पडदा ४.३ ऐवजी ३.८ इंचांचा, पण रिझोल्यूशन तेच (४८० × २७२), त्यामुळे चित्र जास्त रेखीव दिसतं. वजन १५८ ग्रॅम. पडदा वर सरकवला की खाली बटणं दिसतात. ब्लूटूथ आहे, जे आधीच्या कुठल्याच पीएसपीत नव्हतं. मेमरी कार्ड बदललं (प्रश्न ९), यूएसबीचं तोंड बदललं (प्रश्न १२) आणि बॅटरी आत बंदिस्त झाली (प्रश्न १३). अमेरिकेत किंमत २४९.९९ डॉलर होती, तेव्हा डिस्क चालवणारा पीएसपी-३००० मात्र १६९.९९ डॉलरला मिळत होता. जुन्या मालकांचा राग तिथून सुरू झाला, आणि तो रास्त होता.

२. माझ्याकडे वीस-पंचवीस यूएमडी आहेत. त्या गोवर चालवायचा काही मार्ग?

अधिकृत मार्ग नाही. बाहेरून जोडायचा यूएमडी ड्राइव्ह सोनीने कधी काढला नाही. तुमच्याकडे डिस्क आहे म्हणून तोच गेम डाउनलोडमध्ये फुकट किंवा सवलतीत मिळत नाही. पुन्हा विकतच घ्यावा लागतो. यूएमडीवरचे चित्रपट तर पूर्णपणे बाद.

म्हणून आमचा सल्ला सरळ आहे: संग्रह मुख्यतः डिस्कचा असेल, तर गो हा त्याला पर्याय नाही. जुना पीएसपी-२००० किंवा ३००० विकू नका. गो घेतलात तरी तो त्याच्या जोडीला राहू द्या. डिस्कची प्रत काढून चालवण्याबद्दल प्रश्न १६ पाहा.

३. डिस्कच्या बदल्यात डाउनलोड देणारी योजना होती ना?

सरसकट अशी योजना कधीच आली नाही. गो बाजारात येण्याआधी तशी चर्चा झाली होती, पण शेवटी सोनीने कायदेशीर आणि तांत्रिक कारणं देऊन ती सोडली. युरोपात जुन्या पीएसपी मालकांना ठरावीक १७ गेमच्या यादीतून ३ मोफत देण्याची योजना सुरुवातीला होती. ती कधीच संपली.

तुम्ही ऐकलंय ते बहुधा ‘यूएमडी पासपोर्ट’ असावं. ते २०११ च्या डिसेंबरमध्ये जपानमध्ये पीएस व्हिटासोबत (पीएसपीनंतरचं सोनीचं हातातलं गेमयंत्र) आलं आणि जपानपुरतंच राहिलं. त्यात डिस्क जुन्या पीएसपीत घालून नोंदवायची आणि डाउनलोड आवृत्ती कमी किमतीत घ्यायची अशी सोय होती. गोमध्ये डिस्क घालायला जागाच नाही, म्हणजे नोंदणीही त्यावर होणार नव्हती.

४. निदान सगळे गेम डाउनलोडमध्ये मिळतात तरी का?

नाही, आणि नेमके काही मोठे गेमच मिळत नाहीत. ‘क्रायसिस कोअर: फायनल फँटसी सेव्हन’ आणि ‘किंगडम हार्ट्स: बर्थ बाय स्लीप’ हे दोन पीएसपीचे नावाजलेले गेम, दोन्ही पीएसपीसाठी डाउनलोडमध्ये कधी आलेच नाहीत. गाणी, गाड्या, खेळाडू यांच्या परवान्यांची मुदत संपली की काही गेम दुकानातून काढलेही जातात. एका देशाच्या दुकानात असलेला गेम दुसऱ्या देशाच्या दुकानात असेलच असंही नाही.

उलट बाजूही आहे. ‘मिनीज’ हे १०० एमबीच्या आतले छोटे गेम आणि प्लेस्टेशन वनचे जुने गेम फक्त डाउनलोडमध्येच मिळतात, आणि ते गोवर उत्तम चालतात.

५. पीएसपीचं दुकान बंद झालं म्हणतात. मग आज नवा गेम विकत घेता येतो का?

येतो, पण गोवरून नाही. क्रम असा:

– पीएसपीवर उघडणारं प्लेस्टेशन स्टोअर २०१६ मध्ये बंद झालं.
– ऑक्टोबर २०२० मध्ये संगणकावरच्या आणि मोबाइलवरच्या स्टोअरमधून पीएस३ (टीव्हीला जोडायचं प्लेस्टेशन ३), पीएसपी आणि व्हिटाचा माल काढला गेला.
– मार्च २०२१ मध्ये सोनीने पीएस३ आणि व्हिटाची दुकानंही बंद करण्याची घोषणा केली. लोकांनी आवाज उठवल्यावर एप्रिलमध्ये तो निर्णय मागे घेतला गेला. पीएसपीवरून होणारी उरलीसुरली खरेदी मात्र जुलै २०२१ मध्ये संपली.

म्हणजे पीएस३ किंवा व्हिटाच्या स्टोअरमध्ये जे पीएसपी गेम अजून आहेत, तेच विकत घेता येतात. व्हिटावर घेतलेला गेम व्हिटावरून गोवर पाठवता येत नाही. तो त्याच प्लेस्टेशन खात्याने पीएस३ वर उतरवून केबलने गोवर नेणं हा भरवशाचा मार्ग (प्रश्न ७). जवळ पीएस३ नसेल तर केवळ डाउनलोडवर चालणारं हे यंत्र घेण्याआधी खरंच दोनदा विचार करा. एखाद्या मित्राचा पीएस३ दोन तासांसाठी मिळाला तरी काम होतं.

६. माझं कार्ड स्टोअर घेत नाही. बँकेचा प्रश्न आहे का?

बँकेचा नाही. २७ ऑक्टोबर २०२१ पासून पीएस३ आणि व्हिटाच्या स्टोअरमध्ये कार्ड किंवा पेपॅलने थेट पैसे देता येत नाहीत. आधी संगणकावरून, मोबाइलवरून किंवा नव्या प्लेस्टेशनवरून त्याच खात्याच्या वॉलेटमध्ये पैसे भरायचे, मग पीएस३ वर त्या वॉलेटमधून खरेदी करायची.

इथे बरेच जण अडकतात ते खात्याच्या देशामुळे. खातं उघडताना निवडलेला देश नंतर बदलत नाही आणि गिफ्ट कार्ड त्याच देशाचं लागतं. न्यू जर्सीत असताना उघडलेलं अमेरिकेचं खातं पुण्याला परत आल्यावरही अमेरिकेचंच राहतं. त्यात रुपयांचं कार्ड चालणार नाही. भरण्याआधी खात्याचा देश तपासा, कारण चुकीच्या देशाचं कार्ड उघडून कोड खरवडला की दुकानदार ते परत घेत नाही.

७. पीएस३ मधून गोवर गेम कसा घालायचा? एकेक पायरी सांगा.

लागतं काय: इंटरनेटला जोडलेला पीएस३, गोची डेटा जाणारी केबल (सगळ्या केबलींमधून जात नाही, प्रश्न १२) आणि चार्ज असलेला गो. गोचं सिस्टिम सॉफ्टवेअर ६.६१ असावं; ते शेवटचं आहे. सेटिंग्जमधल्या सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये आकडा दिसतो. अपडेट संगणकावरून करत असाल तर लक्षात ठेवा, गोची अपडेट फाइल इतर पीएसपींपेक्षा वेगळी असते.

१) पीएस३ वर ज्या खात्यातून खरेदी केली त्याच खात्याने साइन इन करा.
२) स्टोअरमधल्या डाउनलोड लिस्टमध्ये जाऊन गेम उतरवा. तो गेम कॉलममध्ये बुडबुड्यासारख्या चिन्हात दिसतो. पीएसपीचा गेम पीएस३ वर सुरू होत नाही, तो तिथे फक्त थांबलेला असतो. मिनीज आणि पीएस वनचे गेम मात्र पीएस३ वरही चालतात.
३) केबल जोडा. गोवर सेटिंग्जमध्ये जाऊन ‘यूएसबी कनेक्शन’ दाबा.
४) पीएस३ वर अकाउंट मॅनेजमेंटमधल्या ‘सिस्टिम ॲक्टिव्हेशन’मध्ये पीएसपी निवडून गो ॲक्टिव्हेट करा, म्हणजे त्या खात्याचे गेम चालवायची परवानगी त्याला मिळते. हे एकदाच.
५) गेमवर त्रिकोणाचं बटण दाबून ‘कॉपी’ निवडा.
६) कॉपी पूर्ण झाल्यावर गोवर गोल बटणाने यूएसबी मोड बंद करा आणि मगच केबल काढा.

गेम दिसतो पण सुरू होत नाही, अशी तक्रार सर्वांत जास्त येते. दहापैकी बहुतेक वेळा चौथी पायरी राहिलेली असते किंवा वेगळ्या खात्याने झालेली असते. कॉपी अर्ध्यात तुटली तर गोवरचा अर्धवट गेम पुसून पुन्हा कॉपी करा. त्यावरच दुसरी प्रत टाकू नका.

८. पासवर्ड बरोबर असूनही साइन इन होत नाही.

खात्यावर दोन टप्प्यांची पडताळणी लावलेली असेल तर जुनी यंत्रं नेहमीचा पासवर्ड घेत नाहीत. त्यांना कोड विचारायचा पडदाच नाही. संगणकावर खात्याच्या सुरक्षा विभागात जाऊन जुन्या उपकरणांसाठीचा वेगळा सेटअप पासवर्ड तयार करा आणि पीएस३ किंवा गोवर तो टाका. पडताळणी बंद करू नका.

गो घरच्या वायफायलाच जोडला जात नसेल तर कारण वेगळं आहे. त्याला वायफायचा फक्त जुना ८०२.११बी प्रकार आणि डब्ल्यूपीए ही जुनी सुरक्षापद्धत समजते, नवी डब्ल्यूपीए२ नाही. नव्या राउटरवर २.४ गीगाहर्ट्झचं गेस्ट नेटवर्क करून त्यात डब्ल्यूपीए आणि डब्ल्यूपीए२ दोन्ही चालतील असा मिश्र पर्याय असेल तर तो निवडा, काम झालं की ते नेटवर्क बंद करा. जोडला गेलाच तरी वेग फार नाही: ८०२.११बीची कागदावरची मर्यादा ११ एमबीपीएस, प्रत्यक्षात त्याच्या निम्मी धरा. दीड जीबीच्या गेमला पाऊण तास सहज जातो आणि तेवढा वेळ गोवर खेळता येत नाही. पीएस३ आणि केबलचा मार्ग म्हणूनच बरा.

९. १६ जीबी पुरतात का? कोणतं कार्ड घ्यायचं?

एक यूएमडी जास्तीत जास्त १.८ जीबीची असते. मोठे गेम दीड जीबीच्या आसपास धरले तर दहाएक बसतात. मिनीज आणि पीएस वनचे गेम मिसळले तर बरेच जास्त.

वाढवायचं असेल तर मेमरी स्टिक मायक्रो, म्हणजे एम२ कार्ड लागतं. सोनीने १६ जीबीपर्यंतची कार्डं सांगितली आहेत. जुन्या पीएसपीचं प्रो ड्युओ कार्ड यात बसत नाही आणि मायक्रोएसडीही नाही. एम२ आता नवं बनत नाही, त्यामुळे बाजारात जुनी आणि खोटी कार्डं बरीच आहेत. घेतल्यावर पहिल्याच दिवशी संगणकावरून कार्ड फाइलींनी काठोकाठ भरा आणि त्या फाइली परत उघडून पाहा. खोटं कार्ड १६ जीबी दाखवतं आणि चार जीबीनंतरचं सगळं गमावतं.

एक धोका आवर्जून सांगतो. सिस्टिम सेटिंग्जमध्ये ‘फॉरमॅट मेमरी स्टिक’ आणि ‘फॉरमॅट सिस्टिम स्टोरेज’ असे दोन पर्याय आहेत. कार्ड फॉरमॅट करायला जाऊन दुसरा दाबला तर अंतर्गत साठवणीतले सगळे गेम आणि सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) पुसले जातात. आधी प्रश्न १७ मधला बॅकअप घ्या.

१०. जुन्या पीएसपीवर मी डाउनलोड केलेले गेम होते. ते तरी गोवर येतील?

हो. हे पैसे वाया जात नाहीत. जुना पीएसपी संगणकाला जोडा आणि कार्डावरचं ‘पीएसपी’ नावाचं फोल्डर पूर्ण उतरवून घ्या. त्यात गेम, सेव्हडेटा आणि असल्यास लायसन्स अशी उपफोल्डर असतात. लायसन्स विसरू नका. मग गो जोडून त्याच जागी कॉपी करा. गो त्याच खात्याने ॲक्टिव्हेट असेल तर गेम चालतात. नसेल तर चिन्ह दिसेल पण गेम उघडणार नाही.

११. यूएमडीवर खेळून झालेले सेव्ह डाउनलोड आवृत्तीत चालतात का?

बहुतेकदा चालतात, अट एवढीच की दोन्ही आवृत्त्या एकाच प्रदेशाच्या हव्यात. सेव्हच्या फोल्डरचं नाव गेमच्या सांकेतिक क्रमांकाने सुरू होतं. डाउनलोड आवृत्ती एकदा सुरू करून एक नवा सेव्ह बनवा आणि दोन्ही फोल्डरांची नावं शेजारी ठेवून पाहा. क्रमांक सारखा असेल तर जुना सेव्ह दिसेल. वेगळा असेल तर नाही, आणि फोल्डरचं नाव बदलूनही उपयोग होत नाही. इथे भारतातल्या लोकांची खास अडचण होते: यूएमडी गेमना प्रदेशाचं बंधन नसल्याने आपल्याकडे अमेरिकी, युरोपी, जपानी डिस्क सरमिसळ आल्या, आणि खातं एकाच देशाचं असतं.

१२. माझे जुने चार्जर, केबल, कॅमेरा चालतील?

नाही. आधीच्या पीएसपींना मिनी-यूएसबी होतं. गोला सोनीचं स्वतःचं रुंद तोंड आहे आणि चार्जिंग, डेटा, टीव्हीला जोडणं हे सगळं त्यातूनच होतं. जुन्या टीव्ही केबल, डोक्यावर बसणारा कॅमेरा आणि जीपीएस यांपैकी काहीच थेट जोडता येत नाही. इअरफोन साधा ३.५ मिमीचा चालतो, ब्लूटूथ हेडसेटही.

मूळ केबल हरवली तर इतर कंपन्यांची मिळते, पण काहींत फक्त चार्जिंगच्या तारा असतात. दुकानातच तपासा: केबल संगणकाला लावून गोवर यूएसबी कनेक्शन सुरू करा. संगणकावर ड्राइव्ह दिसली तरच केबल घ्या.

१३. बॅटरी उतरली. बदलता येते का?

जुन्या पीएसपीसारखं मागचं झाकण काढून नाही. ९३० एमएएचची बॅटरी आत असते. सोनीने नव्या यंत्रासाठी खेळताना ३ ते ६ तास सांगितले होते. इतक्या वर्षांनी मूळ बॅटरीकडून निम्म्याचीही आशा धरू नका. मागचे बारीक फिलिप्स स्क्रू काढले की बॅटरी सापडते आणि ती सोल्डर न करता कनेक्टरने जोडलेली असते, त्यामुळे मोबाइल दुरुस्त करणारा माणूस हे काम करू शकतो.

मागची बाजू फुगीर वाटत असेल किंवा सरकता पडदा अचानक घट्ट झाला असेल, तर बॅटरी फुगली आहे असं समजा. चार्ज करू नका, दाबू नका, टोचू नका. काढून ई-कचऱ्यात द्या.

१४. ‘पॉज गेम’ आणि सेव्ह यांत फरक काय?

पीएस बटण दाबून गेम थांबवायची ही सोय फक्त गोवर आहे आणि ती खरोखर छान आहे. गेम जसाच्या तसा गोठतो, तुम्ही मेन्यूत जाऊन दुसरं काही करू शकता. मात्र जागा एकच आहे. दुसरा गेम पॉज केला की पहिला जातो. पॉज म्हणजे सेव्ह नव्हे, म्हणून गेमच्या आतला सेव्ह आधी करा.

१५. गेम संपला की विकायचा, मित्राला द्यायचा. गोवर काय करायचं?

डाउनलोड गेम विकता येत नाही आणि उसनाही देता येत नाही. डिस्कच्या काळात दादरच्या दुकानात जुना गेम देऊन दुसरा घेता यायचा. गोवर पहिल्या दिवसापासून तो दरवाजा बंद आहे. आमच्या मते जुन्या मालकांचं सर्वांत मोठं नुकसान हेच. एकत्र खेळायला मात्र अडचण नाही: समोरचा जुन्या पीएसपीवर डिस्क लावून आणि तुम्ही गोवर डाउनलोड लावून ॲड-हॉकने (दोन यंत्रं वायफायने थेट एकमेकांना जोडून) खेळू शकता.

यातूनच जुना गो विकत घेताना लक्षात ठेवायचं: ‘३० गेम भरून देतो’ या बोलण्याला पैसे मोजू नका. ते गेम विकणाऱ्याच्या खात्याचे असतात. तुम्हाला ते पुन्हा उतरवता येत नाहीत आणि गो तुमच्या खात्याने ॲक्टिव्हेट केला की चालायचे थांबतात (प्रश्न १८). त्याऐवजी पडदा वीसएक वेळा वर-खाली सरकवा आणि सरकताना चित्र लुकलुकतंय का पाहा, कारण पडद्याला जोडणारी चपटी केबल तिथे झिजते. छोटी ॲनालॉग कळ चारही दिशांना फिरवा. ‘सिस्टिम स्टोरेज’वर त्रिकोण दाबून माहिती उघडते का पाहा. मूळ केबल मागा.

१६. कस्टम फर्मवेअर टाकून स्वतःच्या डिस्कची प्रत चालवली तर?

कस्टम फर्मवेअर म्हणजे सोनीचं नसलेलं, बदललेलं सिस्टिम सॉफ्टवेअर. तांत्रिकदृष्ट्या लोक हे करतात. प्रत काढायला यूएमडी ड्राइव्ह असलेला जुना पीएसपी लागतो, म्हणजे तो विकलात तर हा रस्ताही बंद. चुकीच्या मॉडेलची फाइल टाकली तर गो सुरूच होत नाही, आणि गोला काढता येणारी बॅटरी नसल्याने जुन्या पीएसपीवरची बॅटरीतून यंत्र जिवंत करायची पद्धत इथे वापरता येत नाही.

कायद्याचंही बघा. भारताच्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने कलम ६५अ आलं. हक्कभंग करण्याच्या हेतूने संरक्षणाचं कुलूप तोडणं हा त्याखाली गुन्हा आहे आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. नेटवर मिळणाऱ्या दुसऱ्याच्या प्रती उतरवणं तर उघडच बेकायदा आहे. ते आम्ही सांगणार नाही.

१७. गो बंद पडला किंवा साठवण पुसली गेली तर माझे गेम गेले का?

खरेदीची नोंद खात्यात राहते, म्हणून डाउनलोड लिस्टमध्ये जे अजून आहे ते पुन्हा मिळतं. सेव्ह मात्र फक्त यंत्रातच असतात, ते जातात. आणि ती लिस्ट किती वर्षं चालू ठेवायची हे सोनीच्या हातात आहे, तुमच्या नाही. म्हणून आत्ताच करा: गो संगणकाला जोडा, पूर्ण ‘पीएसपी’ फोल्डर उतरवा, दोन वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा. एम२ कार्ड असेल तर त्याची प्रत वेगळी घ्या; अंतर्गत साठवण आणि कार्ड यांपैकी कोणतं उघडलंय ते आकारावरून तपासा. खरेदी केलेले पण कधीच न उतरवलेले गेमही पीएस३ वर उतरवून ठेवा.

१८. एकाच गोवर माझं भारताचं आणि अमेरिकेचं अशी दोन्ही खाती चालतील?

एकत्र नाही. पीएसपीवर एका वेळी एकाच खात्याचं ॲक्टिव्हेशन राहतं. अमेरिकेच्या खात्याने ॲक्टिव्हेट केलं की भारताच्या खात्यावरचे गेम यंत्रात तसेच राहतात, पण उघडत नाहीत; परत भारताच्या खात्याने ॲक्टिव्हेट केलं की पुन्हा चालतात. सेव्हना काही होत नाही. ज्या खात्यात जास्त गेम आहेत ते गोवर ठेवा आणि दुसरं जुन्या पीएसपीवर, ही सर्वांत कमी त्रासाची वाटणी.

यंत्रांची मर्यादाही लक्षात घ्या. १८ नोव्हेंबर २०११ नंतर घेतलेले गेम एका खात्यावर दोनच पीएसपींवर चालतात. त्याआधीच्या खरेदीला पाचची मर्यादा होती. गो विकण्याआधी तो डीॲक्टिव्हेट करा. तो हरवला किंवा मेलेला असेल, तर संगणकावरून खात्यातली सगळी यंत्रं एकदम डीॲक्टिव्हेट करता येतात, पण ही सोय सहा महिन्यांतून एकदाच मिळते. तेव्हा ती वापरण्याआधी चालू असलेली बाकीची यंत्रं पुन्हा ॲक्टिव्हेट करायला पीएस३ आणि केबल हाताशी ठेवा.